चाळीस एकर आणि अलास्काचा सौदा

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाशी आपल्या वर्धा जिल्ह्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे आणि तो कापसाचा आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामांच्या घामावर पिकणारा दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि इंग्रजांची नजर हिंगणघाटच्या कापसावर गेली. भाव कडाडले. १८६५ साली युद्ध संपताच ते कोसळले. १८६७ साली वर्ध्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली, तोवर तेजी ओसरली होती. निंदण-वेचणी करणाऱ्या आमच्या भूमिहीन बायाबापड्यांना त्या तेजीतून काय मिळाले? उलट पुढे याच रेल्वेने आलेल्या गिरणीच्या कापडाने महार विणकरांच्या मागाचा घास घेतला.

तिकडे अमेरिकेत गुलाम कायद्याने मुक्त झाले. १८६५ ते १८७० या काळात तीन घटनादुरुस्त्या होऊन गुलामगिरी संपली, नागरिकत्व मिळाले, पुरुषांना मताचा हक्क मिळाला. या मुक्तीचे मोल महात्मा जोतीराव फुले यांनी ओळखले होते. १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. अर्पण लोकांना होते, सरकारला नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. कारण सरकार काय करीत होते?

जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन याने किनारपट्टीवरील जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. हजारो कुटुंबे नांगर घेऊन उभी राहिली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने त्यातली बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत दिली. मालक तोच, कापूस तोच, राबणारे हातही तेच. फक्त गुलामाऐवजी बटाईदार आणि साखळीऐवजी सावकाराची वही!

मुक्तांना ४० एकर देता न आलेल्या याच जॉन्सन सरकारने मार्च १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का विकत घेतले. किंमत ७२ लाख डॉलर. महाराष्ट्राच्या जवळपास पाचपट भूमी! परराष्ट्रमंत्री सीवर्ड याने सौदा केला. तेथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मूळनिवासींना कुणी विचारलेसुद्धा नाही. त्याच वर्षी पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटही ताब्यात घेतले गेले. भूमी हवी होती. भूमिहीन नको होते.

मग आले १८७७ साल. राष्ट्राध्यक्षपदाच्या वादात तडजोड झाली आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांना आधार देणारे उरलेसुरले केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले. उत्तरेचे आणि दक्षिणेचे गोरे एक झाले. किंमत मोजली मुक्तांनी. १८८७ च्या कायद्याने मूळनिवासींच्या सामुदायिक जमिनी फोडल्या. १८९८ साली हवाई बेटे गिळली, स्पेनशी युद्ध करून पोर्तो रिको आणि ग्वाम घेतले, फिलिपाइन्सचा २ कोटी डॉलरला सौदा केला. स्वातंत्र्य मागणाऱ्या फिलिपिनो जनतेवर बंदुका रोखल्या.

घरातला अन्याय आणि बाहेरचा अन्याय यांचे नाते किती जवळचे असते, ते पाहा. १८९६ साली रेल्वेच्या डब्यातला वर्णभेद कायदेशीर ठरवणारा निकाल न्यायमूर्ती हेन्री ब्राऊन यांनी लिहिला. १९०१ साली पोर्तो रिकोला अमेरिकेची राज्यघटना पूर्णपणे लागू होत नाही, असे ठरले. त्या प्रकरणाचे मुख्य निकालपत्रही याच ब्राऊन यांचे! ज्याला आपल्या गावात माणूस समान वाटत नाही, त्याला समुद्रापलीकडचा माणूस समान कसा वाटेल?

बाबासाहेबांनी हा इतिहास अमेरिकेत शिकताना जवळून पाहिला होता. १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात त्यांनी लिंकनची भूमिका मांडली. आधी संघराज्य वाचवायचे, गुलामांचा प्रश्न नंतर! तेव्हा आमच्याच जिल्ह्यातील सेवाग्रामहून आधी स्वराज्य असा उपदेश देशाला होत होता. बाबासाहेबांनी मात्र आधी घटनात्मक हमी मागितली. निग्रोंच्या वाट्याला आलेला दगा अस्पृश्यांच्या वाट्याला येऊ नये, ही ती दूरदृष्टी होती.

आजही चित्र फारसे वेगळे नाही. २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ग्रीनलँड हवे म्हणून डेन्मार्कवर दबाव आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादला, तर भारत सरकारने आयात कापसावरील ११ टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. ऐन कापूस वेचणीच्या हंगामात! भाव पडला की शेतकरी मरतो आणि त्याच्याआधी वेचणाऱ्या बाईची मजुरी मरते.

देश किती मोठा झाला, हे नकाशावरून ठरवू नका. जो कालपर्यंत गुलाम होता त्याच्या नावावर आज सातबारा आहे काय, हे विचारा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हाच प्रश्न विचारला होता. मताचा हक्क घटनेने दिला. जमिनीचा लढा अजून बाकी आहे. तो अर्धा सोडला, तर आमच्याही मुक्तीचे १८७७ होईल.

जयभीम!