चेतापेशीतला साचलेला माल

स्लॅग काढावाच लागतो

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली सुरू झाली. लोखंडाबरोबर स्लॅग हा टाकाऊ मळही वेळच्या वेळी काढला नाही तर भट्टी बिघडते, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. चेतापेशीचंही तसंच. ती सतत प्रथिनं बनवते आणि जुनी, घडी बिघडलेली प्रथिनं मोडून काढते. इतर पेशी विभागल्या की त्यांच्यातला कचराही वाटला जातो. चेतापेशी विभागतच नाही.

मोडण्याच्या दोन वाटा

मोडायच्या प्रथिनाला युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन खूण म्हणून चिकटतं. खुणांची साखळी झाली की प्रोटिअझोम हे पेशीतलं मोडयंत्र ते आत ओढून त्याचे तुकडे करतं. या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोठ्या गुठळ्या आणि निकामी मायटोकाँड्रिया त्यात मावत नाहीत, ते लायसोसोम या पेशीतल्या पचनपिशवीकडे जातात. वयाबरोबर दोन्ही वाटा मंदावतात.

पार्किन्सनमध्ये

पार्किन्सन म्हणजे कंपवात. त्यात चेतापेशींत अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन साचतं. मेंदूच्या रंगवलेल्या कापात सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी गोळा आणि भोवती फिकट कडं दिसतं, तो लेवी पिंड. घरच्यांना दिसते ती हयातीच्या दाखल्यावरची सही, वर्षागणिक बारीक होत गेलेली.

ऐन तारुण्यात कंपवात जडलेल्या जपानी रुग्णांत १९९८ साली ‘पार्किन’ हे जनुक बिघडलेलं सापडलं. त्याचं प्रथिन युबिक्विटिनची खूण लावण्याचंच काम करतं. गंमत म्हणजे अशा अनेक रुग्णांच्या मेंदूत लेवी पिंड आढळतच नाहीत. त्यामुळे सगळा दोष गुठळीच्या माथी मारणं मला घाईचं वाटतं. सफाई आधी कोलमडत असावी.

मँगनीजचा संशय

इथे बनणाऱ्या रुळांच्या पोलादात सुमारे १ टक्का मँगनीज असतं, त्यामुळे कारखान्यातल्या माणसाचा हात थरथरला की बोट तिकडे जातं. मँगनीज दळणाऱ्या कामगारांची चाल बिघडते हे जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच नोंदवलं होतं. पण ती बाधा धूळ किंवा धूर दीर्घकाळ श्वासात गेल्याने होते, मुख्यतः पार्किन्सनपेक्षा मेंदूच्या वेगळ्या भागाला होते आणि लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाला सहसा दाद देत नाही.

औषधं

लेव्होडोपा खाजकुहिलीच्या बियांतही असतं. ते पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणाऱ्या डोपामिन या रसायनाची तूट भरून काढतं, सफाई सुरू करत नाही. लायसोसोमला जोर देण्यासाठी कफाच्या सिरपमधलं अँब्रोक्सॉल तपासलं जात आहे. चाचण्यांतला डोस मात्र खोकल्याच्या डोसापेक्षा कित्येक पट मोठा असतो, तेव्हा दुकानातून बाटली आणून प्रयोग करू नये.