बॅटीचे आयुष्य

पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या पट्ट्यात मृगाचा पाऊस सुरू झाला, की घरोघरी एक अनुभव येतो. उन्हाळ्यात सहज मिटणारे दार चौकटीत अडकू लागते. टेबलाचा खण ओढता ओढत नाही. हवेतील ओल शोषून लाकूड फुगलेले असते. याच दिवसांत मैदाने चिखलाने भरतात आणि मुले छपराखालच्या खेळांकडे वळतात. टेबल टेनिस हा त्यांपैकीच एक खेळ. या खेळाची बॅटही लाकडाचीच असते. मग जे दाराचे होते, ते तिचे का होणार नाही?

वरवर पाहणाऱ्यास ही बॅट रबराची भासते. परंतु रबर हे केवळ तिचे वस्त्र आहे. देह लाकडाचा आहे. रबराखालच्या या लाकडी फळीला खेळाडू ‘ब्लेड’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे फळीच्या जाडीपैकी निदान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. तिचा आकार किंवा वजन कितीही असले तरी चालते. मात्र ती सपाट आणि ताठ असली पाहिजे.

सुमारे सहा मिलिमीटर जाडीची ही फळी बहुधा पाच किंवा सात पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेली असते. ओल लागली म्हणजे लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे वाढत नाही. आडवे मात्र चांगलेच फुगते. म्हणून काही पापुद्रे उभ्या तंतूंचे, तर काही आडव्या तंतूंचे ठेवतात. एक फुगू पाहतो, तेव्हा शेजारचा त्याला आवरून धरतो. तरीही ही ओढाताण वारंवार झाली, तर मधल्या सरसाची पकड ढिली होते आणि पापुद्रे सुटू लागतात. एकाच बाजूस ओल लागली, तर फळी वाकते. मग ती सपाट कोठून राहणार?

फळी आणि रबर यांची जोडी आजच्या रूपात येण्यास मुंबईतील एक घटना कारण झाली. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली होती. जपानचा हिरोजी सातो हा खेळाडू तेथे जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. त्याच्या बॅटीवर चेंडूचा नेहमीचा टकटक आवाज होईना. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना चेंडूच्या वेगाचा अंदाज येईना. सातो जगज्जेता झाला. पुढे १९५९ साली रबर आणि स्पंज यांच्या जाडीवर नियमांनी मर्यादा घातली. आजही स्पंजासह रबराची जाडी चार मिलिमीटरांहून अधिक चालत नाही.

मात्र या जोडीतील दोघांचे आयुष्य सारखे नाही. रोज सराव करणाऱ्याचे रबर काही महिन्यांतच गुळगुळीत होते आणि त्याची चेंडूवरील पकड जाते. फळीचे तसे नाही. चेंडू अवघा २.७ ग्रॅम वजनाचा. त्याच्या टोल्यांनी लाकूड सहसा झिजत नाही. नीट जपलेली फळी दहा वर्षेही साथ देते. रबर खेळाने झिजते, पण फळी बहुधा निष्काळजीपणाने मरते.

फळीचे शत्रू मुख्यतः तीन आहेत : ओल, आघात आणि उतावळेपणा.

ओल केवळ पावसाची नसते. ती घामाचीही असते. खेळ संपताच मूठ कोरड्या फडक्याने पुसावी. रबर पुसताना फडके किंचितच ओले असावे आणि पाणी फळीच्या कडेला लागू देऊ नये. ओल्या रेनकोटाबरोबर बॅट दप्तरात कोंबू नये. ती भिजलीच, तर चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. एकाएकी सुकलेले लाकूड तडकते किंवा वाकते. सावलीत, वाऱ्यावर ती हळूहळू सुकू द्यावी.

दुसरा शत्रू आघात. चेंडू मारण्याच्या भरात बॅट टेबलाच्या कडेवर आदळते आणि काठाचा टवका उडतो. डाव हरल्याच्या रागाने बॅट आपटणारे तर स्वतःच्याच शस्त्राची धार मोडतात. काठावर एक मऊ पट्टी चिकटवली, म्हणजे लहानसहान धक्के ती सोसते.

तिसरा शत्रू उतावळेपणा. जुने रबर काढताना ते झटक्याने ओढले, तर त्याबरोबर लाकडाच्या सालीही निघतात. रबर फळीलगत ठेवून, तंतूंच्या दिशेने, सावकाश सोडवावे. सातपाटीचे कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांची डागडुजी करतात आणि त्यांना रंगरोगण देतात. फळीलाही नवे रबर लावण्यापूर्वी रोगणाचा एक पातळ हात दिला, तर तिचे तंतू उचलले जात नाहीत. रोगणाचा थर जाड मात्र नसावा. त्याने फळीचा स्वभाव बदलतो.

फळी आतून शाबूत आहे की नाही, हे कसे ओळखावे? कुंभाराकडे मडके घेताना ते वाजवून पाहतात. तसेच फळीवर बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. नाद खणखणीत आला तर पापुद्रे एकजीव आहेत. तो बद किंवा खरखरता आला, तर कोठेतरी जोड सुटला आहे, असे समजावे.

बॅटीची ही काळजी केवळ पैसे वाचवण्यासाठी घ्यायची नाही. एका सामन्यात बॅट बदलता येत नाही. अपघाताने ती निरुपयोगी झाली, तरच दुसरी घेण्याची मुभा मिळते. शिवाय हात एका फळीशी हळूहळू जुळतो. ती गमावली, की महिनोन्‌महिने केलेल्या सरावाचा काही भाग तिच्याबरोबर जातो. शाळेची बॅट तर एकाची नसतेच. यंदा सहावीतील मुलाने ती पुसून कोरडी ठेवली, तर पुढील वर्षी नव्याने खेळू लागणाऱ्या एखाद्या मुलाच्या हाती ती सपाट आणि खणखणीत पडेल.