‘पंच’ : साक्षीदार की निर्णयकर्ता?

‘पंच’ म्हणजे पाच. पाच जणांनी बसून तंटा तोडावा, या रीतीमुळे निवाडा करणाऱ्यालाच ‘पंच’ म्हणू लागले. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्याच विश्वासातून आली. मात्र या शब्दाला दुसराही अर्थ आहे. पंचनाम्यावर सही करणारा पंच काहीच ठरवीत नाही. तो केवळ पाहिल्याची साक्ष देतो.

हा भेद आपल्या इतिहासाशी निगडित आहे. पूर्वी दोन गावांत शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानीत. परंतु गावाच्या कारभारात त्याला बरोबरीचे स्थान नव्हते. साक्षीपुरता तो पंच होता, निर्णयापुरता नव्हता. म्हणूनच १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिग्रस्त गावाच्या पंचायतीकडे न्यायदान सोपविण्यास विरोध केला.

बौद्ध संघाची रीत निराळी होती. मतभेद झाल्यास शलाका वाटून मते घेत. शलाका देणाऱ्या भिक्खूच्या अंगी पाच गोष्टी असाव्यात, असे विनयपिटक सांगते : छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणे आणि कोणी शलाका घेतली, कोणी नाही, हे जाणणे. येथे ‘पाच’ हा आकडा गुणांचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संघाच्या या मतदानपद्धतीचे स्मरण करून दिले होते.

७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत अनुसूचित जाती, जमाती व महिलांना राखीव जागा मिळाल्या. तरीही कित्येक ठिकाणी सरपंच महिलेची सही तेवढी लागते. निर्णय घरातील पुरुष घेतो. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते, तेव्हा ती फडावर असतात; घरकुलांची चर्चा गावात होते आणि ज्यांना घरकुल हवे ते कोपीत राहतात.

विद्यार्थी मित्रांनो, अठराव्या वर्षी मतदारयादीत नाव लागले की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य होता. एकविसाव्या वर्षी पंचायतीची निवडणूक लढवू शकता. मजकूर वाचल्याखेरीज सही करू नका. ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. आपल्या पूर्वजांनी गावाची शीव सांगितली. गावाचा कारभार ठरविणे हे तुमचे काम आहे.