साखरेची गोधडी



या पानावर आम्ही एरवी को ८६०३२ ची लागण, पाचट आच्छादन आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी लिहितो. ऊस काट्यावर गेला, साखर पोत्यात भरली, की आपले काम संपले असे आपण समजतो. पण ती साखर पुढे कोणाच्या हाती जाते आणि तिचे काय होते, हे आम्ही जव्हारला आमच्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात पाहिले. तेच आज सांगतो.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा असे करत जव्हार गाठावे लागते. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. आमचे दाजी मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तिकडे नोकरदारांच्या घरी मुलाचा वाढदिवस असला की केक नाशिकहून यायचा. घाटातली वळणे खाऊन पोहोचेपर्यंत त्यावरचे नाव वाचता येत नसे. तेव्हा बहिणीने ठरवले, आपणच शिकू.

साधा केक तिला लवकर जमला. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून विजेच्या भट्टीच्या नादी ती लागली नाही. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दीड इंच मीठ पसरायचे, त्यावर तिवई, वर घट्ट झाकण. दहा मिनिटे पातेले तापवून केकचे भांडे आत ठेवायचे आणि मंद आचेवर पाऊण तास भाजायचे. मध्ये झाकण उघडले की केक बसलाच म्हणून समजा. भात शिजला की नाही हे शितावरून कळते, इथे सुरी खुपसून बघायची. कोरडी निघाली तर झाला.

पुढची पायरी फाँडंटची. फाँडंट म्हणजे साखरेची मळलेली कणीक. ती पोळीसारखी लाटून अख्ख्या केकवर पांघरायची आणि तिचीच फुले, बाहुल्या, गाड्या करायच्या. आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसलो. म्हटले, "अगं, आधीच केक गोड, त्यावर ही साखरेची गोधडी कशाला?" ती म्हणाली, "दादा, तुझ्याच कारखान्याची साखर खपते ना? मग हसतोस कशाला?" आम्ही गप्प बसलो.

रीत अशी. अर्धा किलो साखर मिक्सरमध्ये दळून वस्त्रगाळ करायची आणि तिच्यात मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दीड लहान चमचा जिलेटिन ३० मिलिलिटर गार पाण्यात दहा मिनिटे भिजवून गरम पाण्यावर विरघळवायचे. त्यात पाव वाटीपेक्षा थोडे जास्त घट्ट ग्लुकोज, दीड लहान चमचा खाण्यायोग्य ग्लिसरीन आणि मोठा चमचाभर वनस्पती तूप घालायचे. हे मिश्रण साखरेत ओतून पुरणपोळीच्या कणकेसारखे मऊ मळायचे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर मुरू द्यायचे. सात इंची केकला एवढे पुरते. जिलेटिन प्राण्यांपासून होते, म्हणून शाकाहारी घरी चायना ग्रास घेतात. ते मात्र उकळल्याशिवाय विरघळत नाही.

आता यातले ग्लुकोज बघा. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडू द्या, असे आम्ही कानीकपाळी ओरडतो. का? तर शिळ्या उसातील साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, उतारा घटतो आणि पाकात दाणा नीट बसत नाही. फाँडंटमध्ये नेमके हेच हवे असते. दाणा बसला तर पोळी खरखरीत होऊन तडकते, म्हणून मुद्दाम ग्लुकोज घालायचे. कारखान्यात जो वैरी, तो केकमध्ये सोबती! वीस वर्षे उसात काढून हे आम्हांस बहिणीच्या ओट्यापाशी समजले.

पण खरी परीक्षा पावसाने घेतली. जव्हार दीड हजार फुटांवर, आणि तिथे पाऊस साधारण तीन हजार मिलिमीटर. श्रावणात मोखाड्याच्या एका घरातून पहिल्या वाढदिवसाचे काम आले. तिची ही पहिलीच मोठी ऑर्डर. तिने रात्री जागून निळा केक केला, वर हत्ती बसवला. पोळीखाली फेटलेली क्रीम लावली, केक फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी एस.टी.ने निघाली. मोखाड्यात खोका उघडला तो केकला घाम फुटलेला, निळा रंग ओघळलेला, हत्ती सोंडेवर कोसळलेला. घरची माणसे भली, काही बोलली नाहीत. पण तिने पैसे घेतले नाहीत आणि महिनाभर पातेल्याला हात लावला नाही. दाजींचा फोन आला, "तुम्ही साखरेतले माणूस, काही सांगा."

आम्ही आमच्या गोदामाचा नियम सांगितला. साखर पाणी ओढते. हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की पोती ओलसर होऊ लागतात, म्हणून ती जमिनीला आणि भिंतीला टेकू देत नाहीत आणि दमट दिवसांत गोदामाची दारे बंद ठेवतात. ग्लुकोज व ग्लिसरीन तर साखरेहूनही अधिक पाणी ओढतात. फ्रिजमधला गार केक दमट हवेत आला की त्यावर दव धरणारच, आणि क्रीममधले पाणी पोळीला खालून विरघळवणार.

तिने मग पद्धत बदलली. क्रीमऐवजी लोणी व दळलेली साखर फेटून पातळ थर. पोळी तीन-चार मिलिमीटरच. पावसाळ्यात ग्लिसरीन कमी. सजवलेला केक फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. घट्ट खोक्यात, ज्या दिवशी द्यायचा त्याच दिवशी सजवायचा. आणि आषाढ-श्रावणात उभ्या बाहुल्यांचे काम घ्यायचेच नाही. पुढच्या वर्षी त्याच घरी दुसऱ्या वाढदिवसाचा केक तिचाच गेला, आणि तो कोरडा पोहोचला.

तिची स्वतःची ओळख झाली ती वारली चित्रांमुळे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती हीच कला. कोकोने तांबूस केलेल्या फाँडंटवर ती पांढऱ्या साखरेने तारपा नाचाचा फेर काढते. एकदा लग्नाचा चौक काढायला निघाली, तेव्हा शेजारच्या वारली आजी म्हणाल्या, "चौकात देवी बसते बाई. तिला सुरी लावशील का?" त्या दिवसापासून चौक बंद.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वावर-वांगणीच्या १९९२ सालच्या बालमृत्यूंनी हा जव्हार तालुका महाराष्ट्राला कळला. तिथे साखरेची गोधडी हे पोषण आहे असे कोणी म्हणू नये. बहीणही म्हणत नाही. डोंगरउतारावरची नाचणी ती एक तृतीयांश घालून साधा केक करते, त्यावर फाँडंट नसतो. नाचणी जास्त झाली तर केक भुगा होतो, कारण तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नाही.

सभासदांनो, २०१९ साली सरकारने साखरेचा किमान विक्री दर क्विंटलला ३१०० रुपये ठरवला, म्हणजे किलोला ३१. तीच साखर दळून, मळून, लाटून एक बाई घरबसल्या कैक पटीने विकते. मोल साखरेचे नाही, हाताचे आणि समजुतीचे आहे. आपल्या सुना-मुलींपैकी कोणी असे काम करत असेल तर आधी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी, आणि गट कार्यालयात आम्हांस जरूर कळवावे.

आणि हो, तोडलेला ऊस २४ तासांत आणा. फाँडंटसाठी ग्लुकोज बाजारात मिळते, ते उसात नको!

— आपला, ऊस विकास अधिकारी