भाकरीवाचून पोटभर रस्सा

मधुमेहाचे पथ्य डॉक्टर सांगतात. ते पाळावयाचे मात्र स्वयंपाकघरात. तेथे बहुधा असे घडते, की घरची मंडळी रस्सा-भाकरी जेवतात आणि रोग्यापुढे उकडलेली भाजी येते. असे एकट्याचे पथ्य फार दिवस टिकत नाही. म्हणून सर्व घराने मिळून खावा, असा एक दाट रस्सा आज सांगावयाचा आहे.

मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या हातून ती आपल्याकडे आली. टेक्सासमध्ये मांस आणि सुक्या मिरच्या यांचे ‘चिली’ नावाचे कालवण करतात. १९७७ साली त्या राज्याने त्यास आपले अधिकृत खाद्य ठरविले. आपला खिमा त्याचाच भाऊबंद होय.

शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. तितक्याच फुलकोबीत अवघी ५. तेव्हा भाकरीची जागा भाजीने घ्यावी आणि तृप्ती प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांनी द्यावी, हे या रश्श्याचे सूत्र.

चौघांसाठी अर्धा किलो खिमा घ्यावा. एक कांदा, ५० ग्रॅम सुके खोबरे, दोन चमचे तीळ व सहा ब्याडगी मिरच्या निरनिराळ्या भाजून आले-लसणीसह बारीक वाटाव्यात. हे वाटण तेल सुटेपर्यंत परतून त्यात खिमा घालावा. त्याचे पाणी आटले, की दोन टोमॅटो, हळद, मीठ व दोन वाट्या ऊन पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावे. हडपसरच्या मंडईत मिळणारा ताजा फुलकोबी व ढोबळी मिरची शेवटच्या दहा मिनिटांत घालावी. दाटपणासाठी डाळीचे पीठ लावू नये, बटाटाही घालू नये. बंद केलेली भाकरी या वाटेने ताटात परत येते. दाटपणा खोबरे व तीळ देतात. शाकाहारी घरांत खिम्याऐवजी रात्रभर भिजवून कुकरमध्ये मऊ शिजविलेले सोयाबीन चालेल.

एक गोष्ट मात्र विसरू नये. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना भाकरी एकाएकी सोडल्यास रक्तातील साखर फार उतरून घाम, कंप व भोवळ येण्याचा संभव असतो. औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मांसाचेही विचारावे. मग एकच पातेले चुलीवर चढवावे आणि सर्वांनी एका पंक्तीस बसावे.