पाठमोरा माणूस

कंडक्टर म्हटलं की आपल्याला एसटीतला आठवतो, हो ना? मलाही तोच आठवायचा. परवा लेकीने फोनवर एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, व्हिएन्नाच्या ऑपेरेटाचं. ऑपेरेटा म्हणजे आपल्या संगीत नाटकाची लांबची बहीणच म्हणा ना! संवाद, गाणी, नाच, थट्टामस्करी आणि बहुतेक वेळा शेवट गोड. गायक आणि वादक यांना एका लयीत बांधून ठेवतो तो तिथला कंडक्टर. सगळा प्रयोग त्याच्या हातात, पण प्रेक्षकांना दिसते फक्त त्याची पाठ.

हे ध्वनिमुद्रण होतं रॉबर्ट स्टोल्झ यांचं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी 1880 मध्ये जन्म. वडील संगीत शिकवायचे, आई पियानो वाजवायची. 1907 मध्ये व्हिएन्नाच्या नामांकित नाट्यगृहात ते कंडक्टर झाले. तिथे 'द मेरी विडो' हा लोकप्रिय ऑपेरेटा त्यांच्या हाताखाली रंगायचा. स्वतःही ढीगभर गाणी रचली.

मग हिटलर आला. स्टोल्झ ज्यू नव्हते. मान खाली घालून गप्प बसले असते, तर सुखात राहिले असते. पण त्यांनी स्वतःच्या मोटारीत ज्यूंना लपवून सरहद्दीपार नेलं. 1938 मध्ये देश सोडला. पॅरिसला पोहोचले, तर 1939 मध्ये युद्ध पेटलं आणि 'शत्रूदेशाचा नागरिक' म्हणून फ्रेंचांनीच त्यांना छावणीत डांबलं. दैव बघा!

तिथून त्यांना सोडवलं आइन्झी नावाच्या तरुण बाईने. तिने खटपट केली म्हणून साठीला टेकलेले स्टोल्झ 1940 मध्ये अमेरिका गाठू शकले. पुढे ती त्यांची पाचवी पत्नी झाली. 1946 मध्ये दोघं व्हिएन्नाला परतली. ऐंशी उलटल्यावरही ते वाद्यवृंदापुढे उभे राहत. 1975 मध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी ते गेले.

माझे बाबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. तेही प्रेक्षकांना पाठमोरेच. पण त्यांच्याही मागे कुणीतरी होतंच की!

त्या रात्री आईला फोन केला. "बाबा दौऱ्यावर असायचे तेव्हा तू घर कसं चालवायचीस गं?"

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "शिवणाच्या मशीनवर. आज विचारतेस होय!"