पावतीतला वाटा

बृहन्मुंबई महापालिकेचे स्वच्छता उपविधी २००६ सालचे. त्यांत रस्त्यावर थुंकले, कचरा टाकला किंवा लघवी केली, तर २०० रुपये दंड ठरला होता; उघड्यावर आंघोळ केली, तर १००. पालिकेचा मूळ कायदा १८८८चा. त्याखालच्या प्रत्येक बारीकसारीक गुन्ह्यासाठी माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, तर साक्षीदार आणि तारखा यांचा खर्च दंडाहून जास्त. म्हणून जागेवरच पावती फाडायची पद्धत आली. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा नियमांनीही स्थानिक संस्थांना जागेवरच्या दंडाचे उपविधी करायला सांगितले. शहराला अशा दंडाची गरज आहेच. त्याशिवाय नियम कागदावरच राहतात.

पण कोर्टाची पायरी गाळली की गुन्हा पाहणे, तो ठरवणे आणि पैसे घेणे ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या हाती येतात. मुंबईत तो माणूस खासगी कंत्राटदाराचा क्लीन-अप मार्शल होता. वसूल दंडातला निम्मा वाटा कंत्राटदाराचा. करोनाकाळात मास्क न लावणाऱ्यांचा २०० रुपये दंड याच मार्शलनी गोळा केला. एप्रिल २०२४मध्ये ते पुन्हा रस्त्यावर आले आणि लोकांना लुबाडल्याच्या तक्रारी वाढल्यावर वर्षभरातच, एप्रिल २०२५मध्ये, योजना बंद झाली. काही मार्शल वाईट निघाले, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. ज्याची कमाई पावत्यांच्या संख्येवर, त्याला स्वच्छ रस्ता परवडत नाही.

दंडाच्या रकमेचाही विचार हवा. राज्याच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीत पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. हातगाडीवर भाजी विकणाऱ्याच्या गल्ल्यात तेवढे नसतातच. मग पावती टाळून तोडपाणी करण्याचा मोह दोघांनाही होतो.

हा पेच जुना आहे. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात ओहायोतल्या नॉर्थ कॉलेज हिल गावचा महापौर स्वतःच न्यायनिवाडा करी. आरोपी दोषी ठरला, तरच त्याला खटल्याचे शुल्क मिळे. टुमी नावाच्या एका आरोपीला १०० डॉलर दंड झाला, त्या खटल्यात महापौराचे शुल्क १२ डॉलर होते. १९२७मध्ये ‘टुमी विरुद्ध ओहायो’ या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. निवाडा करणाऱ्याचा दोषसिद्धीत आर्थिक फायदा असेल, तर तो निवाडा न्याय्य नाही.

आपल्या पालिकांनी हे तत्त्व करारातच लिहावे. दंड करणाऱ्याला ठरावीक पगार द्यावा, वाटा नको. पावतीवर कलम, जागा, वेळ छापलेली असावी. दंड मान्य नसेल, तर ठरलेल्या मुदतीत खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता यावी. प्रभागनिहाय जमा रक्कम दरमहा जाहीर करून ती त्याच प्रभागातल्या शौचालयांवर आणि कचरापेट्यांवर खर्च करावी. जिथे मुतारीच नाही, तिथे लघवीचा दंड घेण्याचा नैतिक हक्क पालिकेला नाही. दंडाची रक्कम वर्षागणिक घटत गेली, तरच योजना यशस्वी झाली असे मानावे.